घाम न येणारा व्यायाम

व्यायाम म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आमचे हे तालमीतले. पहाटे बाहेर पडायचे ते ऊन दारात येईस्तोवर परतायचे नाहीत. आले की कानात, नखांत लाल माती. मग मी पाट्यावर बदाम-खसखस वाटायची, थंडाईचा तांब्या भरायची. एवढं सगळं झालं की म्हणायचं, व्यायाम झाला. आमच्या कोल्हापुरात, पेठेत घरोघरी हेच. त्यामुळं वरच्या खोलीतली पोर जेव्हा म्हणाली, "दहा मिनिटं व्यायाम करून आलो, आजी," तेव्हा मी मनात म्हटलं, ही खोटं बोलतेय.

पोर शाहूवाडीकडची. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. आधी होस्टेलवर होती. तिथं झोप लागेना, पेपर जवळ आला की छाती धडधडायची, डोकं धरून बसायची. दोन विषय राहिले. वडलांनी ठरवूनच टाकलं की पोरीला शहर मानवत नाही. खोली बघायला आले तेव्हा टोपी मांडीवर ठेवून मला म्हणाले, "आक्का, ही शेवटची संधी. काय बी वेगळं दिसलं तर फोन करायचा. गाडी आणतो, सामान भरतो, घरी नेतो. शिकली तेवढी बास." पोर शेजारी खाली मान घालून उभी. मी आपली फुशारकीत म्हटलं, "पावणं, काळजी सोडा. माझ्या नजरंतनं मांजर सुटत न्हाय."

महिनाभर बरं चाललं. मग हे सुरू झालं. तासभर अभ्यास झाला की पोर उठायची आणि बाहेर. दहा मिनिटांत परत. दिवसातनं तीनदा, चारदा. आली की गाल लाल, श्वास जरा वर, आणि तोंडावर हसू. कपाळावर घामाचा थेंब नाही! आता तुम्हीच सांगा, घाम नाही, माती नाही, आल्यावर खायला-प्यायला मागणं नाही, हा कसला व्यायाम? दहा मिनिटांत आमच्या ह्यांचा लंगोटसुद्धा बांधून व्हायचा नाही.

मी पाळत ठेवायला लागले. लाज वाटते सांगताना, पण एकदा गच्चीच्या पायऱ्यांवर चिमूटभर पीठ टाकून ठेवलं, वर जाते की गल्लीत ते कळावं म्हणून. पीठ मुंग्यांनी नेलं. जेवणात मात्र पोर सुधारली होती, दुसरी भाकरी मागून घ्यायची. दुपारी डोकं धरून बसणंही थांबलं होतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, एवढी कशानं खुलली ही?

समोरच्या भाभी दिवसभर खिडकीत शिलाई मशीनवर असतात. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जाती की," भाभी म्हणाल्या. "भरभर जाती, देवळाकडं वळती. हातात मोबाइल. सारखी त्यात बघती."

"बोलती काय कुणाशी?"

"बोलताना न्हाय बघितलं. पर हसती."

झालं. हसते म्हटल्यावर मला आणखी काय पाहिजे होतं? दुपारीच तिच्या वडलांना फोन लावला. मी एवढंच म्हटलं, की पोर दिवसातनं तीन-चारदा बाहेर जाते, हातात मोबाइल असतो. पलीकडनं एवढंच, "उद्या सकाळी येतो." फोन ठेवल्यावर वाटलं, मी सांगितलं थोडं, त्यांनी ऐकलं भलतंच. पण शब्द गेला तो गेला.

संध्याकाळी पोर निघाली तशी मी चप्पल सरकवून मागं. मागं कसली! मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती देवळाजवळ. पाठ ताठ, हात हलताहेत, कुणाकडं बघणं नाही. देवळाच्या पायऱ्या चढली, उतरली, परत चढली. मोबाइल बघितला आणि माघारी वळली. मी गुडघा धरून तालमीच्या कट्ट्यावर बसलेली सापडले.

"आजी? तुम्ही हिकडं कशा?"

"वारं खायला आले."

"धापा टाकत?"

मी मोबाइलकडं बोट केलं. "कोण असतंय त्यात?"

तिनं तो माझ्यापुढं धरला. घड्याळ लावलेलं, दहा मिनिटांचं. "ह्यो असतोय. वाजला की परत." मग माझ्याजवळ बसून सांगितलं. कॉलेजातल्या एका मॅडमनी तिला शिकवलं होतं, की तासाभरानं उठायचं आणि भरभर चालायचं. किती भरभर? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं.

"आणि घाम?"

"घाम कशाला? पुन्हा अभ्यासाला बसायचं असतंय की, आजी. दमून कसं चालंल? असं चाललं की छातीतलं धडधडणं बसतंय. रातीला झोप लागती, आपसूक हसू बी येतंय."

मग मी सांगितलं, की तुझ्या वडलांना फोन केलाय. उद्या येतात.

ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं की. तू म्हणालीस, व्यायाम."

"मग तेच हाय की!"

सकाळी दारात टेम्पो उभा. वडील आत आले ते सरळ जिन्याकडं. मी आडवी उभी राहिले. "चूक माझी हाय, पावणं. पोर नुसती चालायला जाती."

त्यांनी मला वरखाली बघितलं. "काल एक सांगिटलं, आज एक. तुम्ही बी तिला सामील झाला व्हय?"

माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर! पण बोलू काय? संशयाला रस्ता मीच दाखवलेला. म्हटलं, "मग जावा तिच्याबरोबर, बघा."

गेले. बापलेक देवळापर्यंत जाऊन आले. डोंगर चढणारा माणूस, त्यांना कसला दम लागतोय! आल्यावर उंबऱ्यावर बसून म्हणाले, "एवढं चालायला कोल्हापूरला याय लागतंय? घरी गोठ्यापर्यंत दिवसातनं दहा हेलपाटं मारती की."

"गोठ्यात परीक्षा न्हाय ना, दादा," पोर म्हणाली.

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. म्हणाले, "ह्या परीक्षेपर्यंत. निकाल बघून ठरवू." रिकामा टेम्पो घेऊन गेले. त्यांना पटलं असं मला आजही वाटत नाही. दर रविवारी फोन येतो, आधी मला, मग पोरीला, दोघींची उत्तरं जुळतात का बघायला.

पोर राहिली. पण आता दर खेपेला बाहेर पडताना माझ्या दारात थांबते, न विचारता मोबाइल माझ्यापुढं धरते, लावलेलं घड्याळ दाखवते. परवा मी म्हटलं, "नको गं दाखवत जाऊ. मला कळलंय की आता."

"असू दे, आजी," ती म्हणाली. "दाखवलेलं बरं." आणि गेली.