साडूच्या टांगत्या फळ्या

चिखलीत कडूबा मिस्त्रीची जी काही पत होती, ती रंगराव पाटलांच्या घरावर होती. पेठेतल्या त्या घराच्या पांढऱ्या मातीच्या भिंती त्याच्या बापाने चढवल्या होत्या. बापामागे दरवर्षी वैशाखातली आखाजी झाली की त्यांना लिंपण करायचा मान कडूबाचा. पाटलांच्या घरचा मिस्त्री म्हटल्यावर बीबीपासून दुसरबीडपर्यंतच्या गावांत लोक त्याला बसायला घोंगडी टाकत. हा मान हातचा जाईल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि नागपुरात घडलेलं काहीही वऱ्हाडात वजनदार ठरे. कडूबाचा साडू इंद्रभान तिथे एका ठेकेदाराकडे काही वर्षं काम करून परतला, तो शर्टाच्या खिशात पेन्सिल लावूनच. नेमकं त्याच सुमारास रंगरावांनी अकोल्यात एक दुकान पाहिलं. त्याच्या दर्शनी भिंतीला रंगीत, आरशासारख्या चकचकीत चिनी फरशा होत्या. आपल्याही घराला तसंच हवं, असं त्यांनी मनात घेतलं.

"पाटील, मातीच्या भिंतीले फरशी धरत नाई," कडूबा म्हणाला. "आधी पक्क्या विटेची भिंत समोर घ्या लागते. अन् तेवढं वजन ह्या काळ्या जमिनीत बसते. मंग भिंत फाटते."

म्हणाला ते खरं होतं. इंद्रभानने ते मानही डोलावून ऐकलं आणि मग पेन्सिल काढली.

"भिंतीवर वजन टाकाचंच काऊन, साडभाऊ? ह्या घराचा भार मातीवर हायेच कुठी? तो सागाच्या खांबांवर हाय. फरशी बी खांबांलेच टांगू."

त्याने ओट्यावरच आकृती काढली. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यावर बारीक तारेची जाळी, जाळीवर सिमेंटचा पातळ थर आणि थरात बसवलेल्या फरशा. अशी एक फळी दोघांनी सहज उचलावी. खांबांना लोखंडी आकडे ठोकायचे, फळ्या त्यांवर अडकवायच्या. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायची, म्हणजे जमीन हलली तरी फरशी तडकणार नाही. लिंपणाच्या वेळी फळ्या उतरवून ठेवायच्या, लिंपण वाळलं की परत चढवायच्या.

कडूबा त्यात खोट शोधत राहिला. एकही सापडली नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. इतकी वर्षं तो त्या खांबांना पाठ लावून बसत आला होता, आणि हे त्याला सुचलं नव्हतं.

दसऱ्याला फळ्या चढल्या. बाजाराच्या दिवशी गाड्या थांबू लागल्या. बाया निळ्या फरशीत वाकून कुंकू सारखं करत, गडी पागोटी नीट बसवत. "कोनाचं काम हे?" कुणी विचारलं की समोरच्या धान्याच्या दुकानातून वामनराव ओरडून सांगत, "इंद्रभान मिस्त्रीचं! आपल्या कडूबाचा साडू!" आपली ओळख आता अशी करून दिली जाते, हे कडूबाला भाकरीतल्या खड्यासारखं लागे.

घरीही सुटका नव्हती. त्याची बायको सत्यभामाबाई बहिणीकडे, म्हणजे इंद्रभानच्या घरी, जाऊन आली की त्याचंच पुराण. "रुखमी सांगत होती, मेहकरवरून बोलावनं आलं त्याईले."

"जाऊ दे मेहकरले. काशीले जाऊ दे."

"तुमी काऊन जळून राह्यले? घरचाच माणूस हाय ना."

घरचाच होता, म्हणून तर. परका असता तर कडूबाने त्याला फिरस्ता म्हणून सोडून दिलं असतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो त्या घरावरून जात होता. मुद्दाम लांबचा रस्ता धरून जात होता, हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नसतं. फळ्यांच्या पायथ्याशी त्याला पिवळसर भुकटी दिसली. त्याने चिमूट उचलून बोटांत चोळली. ज्वारीच्या पिठासारखी मऊ. बांबूला भुंगा लागला होता. इंद्रभानने दसरा गाठायच्या घाईत चांदण्या पंधरवड्यात तोडलेला बांबू घेतला होता, आणि तो पाण्यातही मुरवला नव्हता. अंधाऱ्या पंधरवड्यातलाच बांबू घ्यावा, हे चिखलीतला प्रत्येक गवंडी पाळत असे. नागपूरच्या ठेकेदाराकडे लोखंड असे, तिथे हे कोण शिकवणार?

कडूबाला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्याने इकडंतिकडं पाहिलं आणि चपलेने ती भुकटी मातीत मिसळून टाकली.

मग तो रोजच येऊ लागला. भुकटी दिसली की दुसऱ्या कुणाच्या, विशेषतः इंद्रभानच्या, नजरेला पडायच्या आत ती सारायची. पुढे पुढे तो खराट्याचा बुडखाच काखेत घेऊन येई. हिवाळाभर त्याने ती कीड जपली. इंद्रभान भेटला की विचारी, "कसं काय साडभाऊ, फळ्या बऱ्या हायेत ना?" आणि तो "हाव, मस्त!" म्हणाला की कडूबाला त्या दिवशी जेवण गोड लागे.

आखाजी आली आणि रंगरावांचा निरोप आला: लिंपणाला ये, फळ्या उतरव. कडूबाने मनात हिशेब केला. फळी आता त्याच्याच हातात मोडणार होती, आणि साडूने जळफळाटाने मोडली असंच गाव म्हणणार होतं.

"यंदा लिंपण नसलं तरी चालते, पाटील. भिंत चांगली हाय."

"तुहा बाप आजारी असतानी लिंपायले आला होता. अन् तू म्हनतं चालते?"

"मंग फळ्या ज्यानं टांगल्या त्यालेच उतरवू द्या. माह्या हातून काई झालं तं नसता बोल."

इंद्रभान आला, हसत शिडी चढला, वरच्या फळीला हात घातला. कामट्या भुसभुशीत होऊन त्याच्या मुठीत आल्या आणि अख्खी फळी ओट्यावर आदळली. निळ्या कपच्या रस्त्यापर्यंत उडाल्या. शिडीवर इंद्रभान मुठीतला भुसा बघत उभा राहिला.

"हे काय केलं बे?" रंगराव ओरडले.

कडूबा पुढे झाला. या क्षणासाठी त्याने शब्द जुळवून ठेवले होते. "भुंगा हाय, पाटील. चांदण्या पंधरवड्यातला बांबू. नागपूरले शिकवत नसतीन, पन इथं लेकराले बी माहीत हाय."

गर्दीतून वामनराव कळवळून म्हणाले, "अरे कडूबा, म्हनून रोज सकाळी पिठासारखं झाडत होता काय तू? अन् मी सगळ्याईले सांगत होतो, साडू असावा तं असा, साडूच्या कामापुढं केर राहू देत नाई!"

कुणी हसलं नाही. इंद्रभान शिडी उतरून कडूबापुढे आला.

"कवापासून, साडभाऊ?"

कडूबा पायापाशी पडलेल्या निळ्या कपच्या चपलेने सारू लागला.

"दिवाई झाल्यापासून," वामनरावांनीच सांगितलं. आपण काय सांगतोय, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

रंगरावांनी आवाज चढवला नाही. "याच्याकून चूक झाली. पन ह्या फळ्याईखाली माही नातवंडं खेयत होती, कडूबा. तुले माहीत होतं." मग इंद्रभानकडे वळून म्हणाले, "सागाच्या पट्ट्या घे. नव्यानं कर. अन् लिंपणाले दुसरा मानूस पाह्य."

लिंपणाला दुसरबीडचा पुंजाजी आला. कडूबा नंतरही पुष्कळ वर्षं जगला, खेड्यापाड्यांत भिंती घालत राहिला, आणि काम चोख करी. घोंगडी मात्र कुणी टाकत नसे. पेठेतून जावंच लागलं तर पाटलांचं घर दिसू नये म्हणून तो समोरच्या वामनरावांच्या दुकानाकडे तोंड करून चाले.

सत्यभामाबाईने एकदा भीतभीत विषय काढला. "दिवाईलेच सांगतलं असतं तं तुमचं नाव झालं असतं. फळ्या तुमी वाचवल्या म्हनले असते."

"फळ्या वाचल्या असत्या," कडूबा म्हणाला. "नाव त्याचंच झालं असतं."