शेवटची पानं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

झरीच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचो. हा शेळ्या पाळणारा माणूस दाराशी बसून ऐकायचा. त्या रविवारी मी एका कादंबरीच्या शेवटाची भरपूर तारीफ केली. खरं तर निम्म्यातच सोडली होती.

सगळे उठल्यावर तो जवळ आला. डोक्याचा रुमाल काढून त्यानं दोन्ही हातांत धरला.

"सर, इथलं ते पुस्तक तुमच्याआधी मीच नेलं व्हतं. शेवटची पानं माझ्या शेळीनं खाल्ली. भीतीपायी तसंच परत केलं. शेवटासाठी तुमी दुसरं विकत घेऊन वाचलं आसंल. घर सोडल्यावर त्या बाईचं पुढं काय झालं, तेवढं सांगा. लय जिवाला लागलंय."

वाचनालयाची ती एकुलती एक प्रत माझ्याच पिशवीत होती.

"नवऱ्याकडं परत गेली," मी ठोकून दिलं.

रुमाल डोक्याला गुंडाळत तो शांतपणे म्हणाला, "न्हाई सर. ती जायची न्हाई."