आधी बाकावर बसा

सेवायोजन अधिकारी श्रीमती वत्सला गायकवाड यांची आणि माझी ओळख झाली ती एका लाकडी बाकामुळे, आणि त्या वेळी बाई स्वतः समोर नव्हत्याच. उल्हासनगरच्या सेवायोजन कार्यालयात मी गेलो होतो. अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये माझा रंगासाठी पत्र्याचे डबे तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. शेजारच्या गाळ्यातल्या लालवानी शेठनी मला सांगितले होते की सरकारची एक योजना आहे, वर्षानुवर्षे बेकार असलेला माणूस कामावर घेतला तर सहा महिने त्याचे विद्यावेतन सरकार देते. "फुकट में आदमी मिल रहा है साईं, जाके ले आओ," हे त्यांचे शब्द. मी इस्त्रीचा शर्ट चढवून निघालो. शिपायाने माझे व्हिजिटिंग कार्ड आत नेऊन दिले, बाहेर आला आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, आधी बाकावर बसा."

मी चाटच पडलो. चार माणसांना रोजगार देणारा मी, सरकारवर उपकार करायला आलेला, आणि मला बेकारांच्या रांगेत बसवतात? उठून जावे असे दहा वेळा मनात आले. शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले नोंदणीचे कार्ड त्याने मांडीवर धरले होते. थोड्या वेळाने त्याने आपुलकीने विचारले, "तुमचं कार्ड कुठल्या सालचं?" माझे गप्प राहणे पाहून त्याला वाटले असावे की मी नवा आहे. तो म्हणाला, "रिन्यूची तारीख चुकवू नका हां. चुकली का पयल्यापासून नंबर. माझी तर नव वर्सं झाली."

त्या दिवसापर्यंत नऊ वर्षांची बेकारी हे माझ्यासाठी अर्जातल्या एका रकान्यात मावणारे प्रकरण होते. माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली, धुतलेला सदरा घातलेली, मलाच धीर देणारी बेकारी मी प्रथमच पाहत होतो. दीड तासाने मला आत बोलावण्यात आले. सुती साडीतल्या, पन्नाशीच्या घरातल्या बाईंनी मला बसायला सांगितले आणि विचारले, "शेजारी कोण बसलं होतं?" नाव विचारले नाही, असे मी सांगितले. "मग विचारून या," बाई शांतपणे म्हणाल्या. मी खरोखरच बाहेर जाऊन विचारून आलो. दत्ताराम म्हात्रे, बदलापूर गाव. ज्या कंपनीत तो होता ती बंद पडल्यापासून घरी. बाईंनी त्याचाच अर्ज माझ्यापुढे ठेवला.

पुढे कळले की कारखानदार कितीही मोठा असो, बाईंचा हा रिवाज कोणासाठी मोडत नसे. माणूस मागायला आलेल्याने आधी त्या माणसांत बसायचे. आमच्यातले काही जण यावर भडकून निघून गेले, ते गेलेच. बाईंनी कोणालाही परत बोलावले नाही.

योजना समजावून सांगण्याची त्यांची हातोटी तर मी विसरूच शकत नाही. आनंदनगरमध्ये कारखानदारांची एक बैठक झाली. आम्ही समोसे खात होतो आणि बाई फळ्यावर खडूने लिहीत होत्या. सहा महिने विद्यावेतन सरकारचे, पण काम शिकवण्याची जबाबदारी मालकाची. दरमहा हजेरीपट कार्यालयात आला पाहिजे. आधीच्या कामगाराला काढून त्याच्या जागी योजनेतला माणूस बसवता येणार नाही. लालवानी शेठनी विचारले, "मॅडम, छे महिने के बाद क्या?" बाई म्हणाल्या, "शेठ, सहा महिन्यांत तुम्ही त्याचं काम बघा. आवडलं तर ठेवा, आणि नाही आवडलं तर का नाही ते मला लेखी कळवा." कामगार का नको हे लेखी द्यायची आम्हाला कधी सवयच नव्हती. बाईंनी आणखीही एक अट सांगितली होती. पण तेव्हा चहा आला होता आणि माझे लक्ष चहाकडे होते. ती न ऐकलेली अट मला पुढे भोवणार होती, आणि माझ्याहून जास्त दत्तारामला.

दत्ताराम माझ्याकडे डबे तपासायला बसला. तयार डबा पाण्याच्या टाकीत दाबायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे, असे ते काम. महिन्याभरात तो डब्यावर टिचकी मारूनच सांगू लागला की कुठला डबा गळणार. परत येणारा माल कमी झाला. मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

आमच्याकडे 'ब्रेक' नावाची एक पद्धत आहे. माणूस सलग कामावर राहिला तर कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून काही महिन्यांनी त्याला पंधरा दिवस घरी बसवायचे आणि मग नवा म्हणून पुन्हा घ्यायचे. तोच माणूस, तेच यंत्र, फक्त कागद नवा. सगळेच करतात, म्हणून मीही करत असे, आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. सहा महिने भरले तसे मी दत्तारामला सांगितले, पंधरा दिवस ब्रेक घे, मग नवा फॉर्म भरू, पुन्हा सहा महिने सरकारचे. मोठी शक्कल लढवल्याच्या थाटात मी हे बोललो. तो "बरं साहेब" म्हणाला आणि जेवणाचा डबा घेऊन गेला.

सहाव्या दिवशी दुपारी बाई अचानक कारखान्यात आल्या. तपासणीला त्या अधूनमधून येत, पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पाणीसुद्धा त्यांनी घेतले नाही. दत्ताराम कुठे आहे, असे विचारल्यावर मी खुशीत ब्रेकचा सारा बेत सांगून टाकला. बाईंनी पिशवीतून माझ्या सहीचा फॉर्म काढून पुढे ठेवला.

"सातवी अट वाचा. मोठ्याने."

मी वाचू लागलो. या योजनेचा लाभ एका उमेदवारास आयुष्यात एकदाच घेता येईल. त्याच ओळीखाली माझी झोकदार सही होती.

"नऊ वर्षं थांबून त्याला ही एक संधी मिळाली होती," बाई म्हणाल्या. "ती तुमच्याकडे संपली. कामाला लागल्याची नोंद झाली म्हणून कार्डावरचा नंबरही गेला. आता तो रांगेत सगळ्यात शेवटी."

मी काही दुष्टपणा केला नव्हता. जे सगळे करतात तेच केले होते, आणि तेवढ्यात एका माणसाची नऊ वर्षे पुसली गेली होती. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे, आणि गौरवलेखात ती लिहू नये असे घरच्यांचे मत असूनही मी लिहितो. त्या क्षणी माझ्या तोंडून निघाले, "मग बाई, याच्या जागी दुसरा कोणी पाठवता का?"

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. कोणीतरी भर बाजारात आपल्याला थोबाडीत मारावी तसे मला त्या नजरेने झाले. मग त्यांनी विचारले, "दत्ताराम काम कसं करतो?" मी खरे ते सांगितले, की असा तपासनीस मला मिळाला नव्हता. "मग त्याला घरी बसवायचं कारण?" मी कारण शोधू लागलो. शोधून शोधून एकच सापडले. "पद्धत आहे," मी म्हणालो, आणि माझे मलाच ते ऐकवेना. मग मीच म्हणालो की त्याला घेतो, माझ्या पगारावर घेतो, आणि ब्रेक न देता घेतो. बदलापूरला निरोप कसा धाडावा या विचारात मी होतो. "निरोप मी देते," असे म्हणून बाई उठल्या आणि गेल्या.

पाच मिनिटांत दत्ताराम दारात उभा. अंगात कंपनीचा गणवेश, हातात जेवणाचा डबा. इतक्या लवकर कसा आलास, असे विचारले तर म्हणाला, "हितंच आलो होतो साहेब, एका कामाला." मी पुढे काही विचारले नाही. इतक्या साध्या गोष्टीचा मला संशयसुद्धा आला नाही, याचे आज नवल वाटते.

बाईंच्या निष्ठेविषयी अनेक जण या गौरवग्रंथात लिहितील. मी एकच प्रसंग सांगतो. त्यांच्याशी घरोबा झाल्यावर मी एकदा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांनी भरलेली मांडणी, आणि टेबलाशी अर्ज लिहीत बसलेला त्यांचा पदवीधर मुलगा. चौकशी केली तेव्हा समजले की तो चार वर्षे त्यांच्याच कार्यालयाच्या नोंदणीत आहे. मी थक्क झालो. ज्यांच्या हातून अर्ध्या एमआयडीसीला माणसे जातात, त्यांचाच मुलगा घरी? उद्याच माझ्याकडे पाठवा, मी म्हणालो. बाईंनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. "त्याचा नंबर आला की पाठवीन," त्या म्हणाल्या. मुलगा खाली मान घालून हसला. त्याचा नंबर आलाच नाही. त्याने पुण्यात स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली, आणि त्याचे पेढे बाईंनी मला घरी आणून दिले.

माझा लेख खरे तर इथेच संपायचा होता. तसा तो लिहून तयारही होता. गेल्या आठवड्यात मी दत्तारामला सहज म्हटले, बाईंना साठ वर्षे पूर्ण होतात, तुझ्याकडून एखादी आठवण सांग. तो आता आमच्या तपासणी विभागाचा प्रमुख आहे, चार जण त्याच्या हाताखाली आहेत. त्याने बराच वेळ टाळाटाळ केली. मग केबिनचे दार लोटून घेतले आणि सांगू लागला.

ब्रेकचे त्याने घरी सांगितलेच नव्हते. नऊ वर्षांनी गावात त्याला लोक पुन्हा कंपनीवाला म्हणू लागले होते, म्हातारे वडील तसे कौतुकाने सांगत फिरत होते. बायकोने सकाळी भरलेला डबा नाकारायला त्याच्याकडे शब्द नव्हते. म्हणून तो रोज गणवेश घालून बदलापूरहून वेळेवर निघायचा, आणि आमच्या गेटसमोरच्या बंद गाळ्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. तिथेच डबा खायचा. पाच दिवस. सहाव्या दिवशी बाई रिक्षातून उतरल्या त्या त्याला तिथे जेवताना पाहून. "त्यांनी काय इचारलं नाय," दत्ताराम म्हणाला. "बाजूला बसल्या पायरीवर. मी म्हटलं, बाई, साहेबांना नका सांगू, इज्जत जाईल. त्या बोल्ल्या, नाय सांगत. तू आधी जेवून घे."

ती पायरी माझ्या गेटापासून वीस पावलांवर आहे. ते पाचही दिवस मी तिच्यासमोरून गाडीने आत गेलो, बाहेर आलो. त्या पायरीवर कोणीतरी बसलेले मी पाहिलेही असेन. पण पायरीवर बसलेल्या माणसाकडे गाडीतला माणूस बघतो कुठे?

त्याच संध्याकाळी मी बाईंना फोन केला. इतकी वर्षे मला हे सांगितले का नाही, असे जवळजवळ रागावूनच विचारले. त्यांचे उत्तर मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. "त्याला शब्द दिला होता. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला दया येऊन घेतलं असतं. मला तो त्याच्या कामासाठी घेतलेला हवा होता." एवढ्या वर्षांत त्या माझ्याकडे किती वेळा जेवल्या, दत्तारामच्या मुलीच्या लग्नात आम्ही एका पंगतीला बसलो, आणि यातले अक्षर त्यांनी कधी बाहेर पडू दिले नाही.

बाई, आपण निवृत्त झालात तरी दर सहा महिन्यांनी आपला फोन येतो आणि आपण एवढेच विचारता, कोणाला ब्रेक दिला का. तो प्रश्न आम्हा कारखानदारांना अजून फार वर्षे ऐकायचा आहे. आपणास दीर्घ आणि निरामय आयुष्य लाभो, ही माझी, दत्तारामची आणि आपण बाकावर बसवलेल्या प्रत्येक कारखानदाराची प्रार्थना. दत्तारामने स्वतः सांगितल्याशिवाय हा लेख छापायला द्यायचा नाही असे मी ठरवले होते. काल त्याने तो वाचला, पायरीच्या मजकुरावर बोट ठेवले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब." आज सकाळी गेटपाशी मी गाडी थांबवली, काच खाली केली आणि समोर पाहिले. पायरीवर कोणी नव्हते. मग मी आत गेलो.