जाफराबादच्या मक्यातला भोंगा

आमच्या घराण्यात बॅटरीवरची स्कूटर घेणारी मी पहिली. त्यामुळे कुणाचा इन्व्हर्टर रुसला की फोन मलाच. गेल्या महिन्यात जाफराबादच्या मामींचा आला. "मक्यात डुकरं घुसून राह्यलीत, पोरी. शेतातल्या भोंग्याचं कायतरी कर. एकदा येऊन जाय." मामा मे महिन्यात गेले, त्यानंतर मामींकडे जाणंच झालं नव्हतं. शनिवारी सकाळी संभाजीनगरहून निघाले. सरळ एसटीनं का जात नाहीस, असं आईनं दारापर्यंत येऊन विचारलं. हौस, दुसरं काय!

असा बेत करणाऱ्यांसाठी सांगते. जालन्यापर्यंत रस्ता झकास, पण ट्रकवाल्यांना दुचाकी दिसतच नाही असं धरून चालवा. चार्जिंग जालन्यातच उरका. पुढे राजूर-टेंभुर्णीमार्गे जाताना सोय मिळेलच याचा भरवसा नाही. जुन्या जालन्यात एका बॅटरीच्या दुकानात स्कूटर लावली आणि समोर गरम पोहे खाल्ले. दुकानदार चाचा बोलके निघाले. लिथियमचा भाव इतका पडलाय, की शेतात जनावरं पळवायच्या भोंग्यालाही लोक आता तीच बॅटरी नेतात, वर छोटं सोलर पॅनल.

"आता तर सोडियमवाली बी येऊन राह्यली," चाचा म्हणाले. "मिठातलं सोडियम! अजून सस्ती होईल."

"आणि टिकायला?"

"जुनी शिशावाली हळूहळू मरायची, ताई. आवाज बसत जायचा, मंग माणूस समजून घ्यायचा. ही लोखंड-फॉस्फेटवाली लिथियम बिलकुल तशी न्हाई. आवाज पहिल्या दिवसासारखा, बराबर."

मी मान डोलावली आणि दुसरा चहा सांगितला.

मामांच्या शेताकडे वळले तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, वारा पडलेला. स्कूटरला आवाज नाही, त्यामुळे स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि मक्यातून मामा ओरडले.

"हाऽड! कोन हाय रे तिकडं? थांब, आलोच!"

आवाज मामांचाच होता, शेवटी येणाऱ्या खोकल्याच्या उबळीसकट. मी थांबले. मामांनी थांब म्हटलं की थांबायचं, ही लहानपणापासूनची सवय. कुणी आलं नाही. पानही हललं नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच, तितक्याच जोरात, तोच खोकला. भर उन्हात मला थंडी वाजली.

बांधावरून मामी आल्या. "भ्यालीस व्हय? भोंगा हाय त्यो. ह्यांनी गेल्या साली आवाज भरून ठेवला. नवी बॅटरी आणली अन् दिवसभर डब्यापुढं वरडत बसले होते."

घर शेतातच. पिठलं-भाकरी खाताना सगळं कळलं. डुकरं आता त्या आवाजाला भीत नव्हती. रोज तेच ओरडणं आणि माणूस काही येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आवाज बदलायला हवा होता. पण डब्यात एकच आवाज मावतो. नवा भरला की जुना पुसला जातो. कणसं भरत आली होती. मका गेला, तर मामींच्या हाती वर्षभर काही उरणार नव्हतं.

"तुम्ही आधीच बंद का नाही केला?"

"पहिले पहिले 'आलोच' ऐकलं की मी तवा ठेवायचे चुलीवर," मामी म्हणाल्या. "वाटलं, व्हईल बंद आपोआप. जुनी बॅटरी असती तर आवाज बसत गेला असता. ही काय बसंना. मंग बटन मीच दाबायचं का?"

"मी मोबाइलमध्ये उतरवून देते ना. राहील तुमच्याकडे."

"नको. मंग दिवसभर तेच ऐकत बसन."

रात्रभर खिडकीबाहेर मामा 'आलोच' म्हणत राहिले. मी डोक्यावरून गोधडी घेतली, तरी ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी आम्ही मक्यात शिरलो. मधोमध बांबूवर पॅनल, खाली डबा, डब्यावर नवा आवाज भरायचं लाल बटण. मी ओरडते म्हटलं, तर मामींनी मला बाजूला सारलं. "शेत माझं हाय." त्यांनी बटण दाबलं, पण तोंडातून आवाज फुटेना. या बाईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. मग एकाएकी छातीतून निघालं, "जा! जा म्हन्ते ना! जा आता!"

मक्यातली पाखरं भुर्रकन उडाली. मामी तिथंच मटकन बसल्या. मला रडू आवरेना.

परतीला काही घडलं नाही. टेंभुर्णीला चहा चांगला मिळतो, थांबा. चार्जिंगचा खर्च एसटीच्या तिकिटाहून कमी झाला, हेही हौशी लोकांसाठी नोंदवते. लोक विचारतात, काय पाहिलंस तिकडे? पाहण्यासारखं मका सोडून काही नव्हतं, पण अजून कुणी 'आलोच' म्हटलं की माझा हातातला घास तसाच राहतो.

काल मामींना फोन केला. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि त्यांच्या मागून, शेतातल्या भोंग्यातून, त्याच ओरडत होत्या. मका वाचला म्हणाल्या.

"मग बरं झालं ना, मामी?"

"झालं की." मागून पुन्हा 'जा म्हन्ते ना' ऐकू आलं. "पर पोरी, डुकरं गेली कवाच. मी आपली दिवसभर ह्यांनाच हाकलून राह्यले."