ओढीची गाडी

आहुप्याचा भागू बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघायचा नाही, पायांकडं बघायचा. ती बैलांची सवय. मिसरूड फुटायच्या आत डोंगर उतरून तो डिंगोऱ्याला भगवंत नानांच्या दावणीला आला आणि तिथंच राहिला. नानांचे बैल यात्रेत गाजायचे त्यात अर्धा हात भागूचा. बेल्ह्याच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी भागूला चहा पाजत.

त्याची परीक्षा एकच. भरल्या गाडीची चाकं दोरानं आवळायची, बैल जुंपायचा आणि मागं उकिडवं बसून खुरांकडं बघायचं. विकणारा म्हणायचा, "पळवून दावतो की." भागू म्हणायचा, "पळाया काय, ससाबी पळतोय. ओढ दाव."

दोन हजार तीन साली या भागूनं गाडी घ्यायचं काढलं. डिझेलची, जुनी, पण ओढीची.

कारण असं की आहुप्यात तेव्हा भात भरडायची गिरणी नव्हती. बाया उखळात कांडत, नाहीतर डोक्यावर बोजा घेऊन पायवाटेनं खालच्या गावाला जात. भागूची थोरली बहीण चिमाबाई. चुंबळ बसते तेवढ्या जागेवर तिच्या डोक्याला केसच उरले नव्हते. भागूनं एक बंद पडलेली गिरणी उचलली, डिझेल इंजिनासकट दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवून घेतली, आणि गावाला सांगून बसला, "या सुगीचं भात गावातच भरडायचं." गिरणी वर चढली तर तो आपल्या गावात आपला धंदा करणार होता. नाही चढली तर परत नानांची दावण आणि वर गावभर हसू.

जुन्नरच्या बाहेर गेणभाऊचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. गेणभाऊ पोटानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. त्यानं आधी एक तांबडी पिकअप काढली. रंग असा की मिशा बघून घ्याव्यात.

"बस पावणं. नारायणगावापात्तुर नेऊन आणतो, वारा लागला का सांग."

"वाऱ्याचं काय करू? ह्यो साखळदंड घ्या, आन् ती ट्रॉली लावा मागं."

कोपऱ्यात विटांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. भागूनं आणि त्याचा चुलतभाऊ रामनाथ यानं तिची चाकं साखळीनं आवळली. गेणभाऊ बघतच राहिला. "आरं, बैल घ्याया आलास का गाडी?"

"ओढायचं काम एकच हाय, भाऊ."

तांबडीनं जोर केला. मागची चाकं जाग्यावर गरगर फिरली, धुरळा उडाला, ट्रॉली ढिम्म. भागूनं मान हलवली. मग एक मळकट पांढरी निघाली. दार चेपलेलं, एक दिवा मिचमिचा. तिचीही चाकं तशीच फिरली. भागूचं तोंड उतरलं. "दोन्हीबी मऊ."

गेणभाऊ पोट धरून हसला. "मऊ तुझं डोकं! मागची चाकं वढत्यात आन् मागंच काय नाय. मोकळ्या गाडीला भुई धरवत नाय, राव. पाठीव वजन टाक, मंग बघ."

भागूला ही थट्टाच वाटली. बैलाच्या पाठीवर ओझं टाकून वर गाडी ओढायला लावणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. पाहिला असता तर चाबूक त्या माणसालाच बसला असता. पण गेणभाऊनं कांद्याच्या गोण्या टाकल्या, वर चहाच्या टपरीवरची रिकामी माणसं बसवली. तांबडीनं या वेळी भुई धरली, पण दोन आचके दिले आणि बंद पडली. पांढरीला बसवलं. ती आधी खालच्या आवाजात घुमली, मागून बसली, जशी म्हैस पाण्यात बसते, आणि आवळलेल्या चाकांसकट ती विटांची ट्रॉली खरवडत, मुरुमात दोन चर पाडत निघाली. माणसं ओरडायला लागली.

भागू उकिडवाच राहिला. त्यानं जन्मात एवढे बैल पाहिले. पण ओझं टाकलं की ज्याचं बळ वाढतं असं जनावर पहिल्यांदा पाहिलं. त्यानं पुढं होऊन बॉनेटवर हात ठेवला. हात चटकन मागं घेतला, भाजला म्हणून.

"हीच," तो म्हणाला.

गिरणी गाडीमागं टोचन करून दोघं निघाले; नानांचा ट्रॅक्टर हाकलेला भागूच स्टिअरिंगवर होता. पाठीत गेणभाऊनं वाळूची पोती भरून दिली होती. घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजव्या-डाव्या हाताला खेळत राहिलं, आणि मग चढ आला. उभा चढ बघितला आणि भागूनं गाडी थांबवली. खाली उतरून त्यानं पोती काढायला घेतली.

रामनाथ म्हणाला, "आरं, गेणभाऊ काय बोलला व्हता?"

"त्यो सपाटीव बोलला व्हता. हा डोंगर हाय. मागं गिरणी, वर पाठीव वाळू, किती जीव खायचा मुक्या जनावराचा?"

"इंजान हाय ते!"

पण भागूनं पोती उतरवलीच.

निम्म्या चढावर वळणाला एक सपाट कातळ आहे. तिथं प्रत्येक बैलगाडी थांबायची. आज्या-पणज्यापासून बैल तिथं दम खातात. कातळ आला तसा भागूचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रामनाथनं उडी टाकून ट्रॉलीच्या चाकामागं धोंडे लावले. भागूनं बिडी ओढली. पांढरीचा दम संपला नव्हता, पण बिडीनंतर ती पुढं जाईना. पुढचा मुरूम भुसभुशीत. चाकं फिरली, मागून गिरणीनं हिसका दिला, गाडीचं बूड हलकं होऊन तिरकं सरकलं. एका अंगाला दरी. धोंडे कर्रकन वाजले, पण टिकले.

"पोती आणू का वर?" रामनाथनं विचारलं. पोती दोन वळणं खाली होती. आणि धोंडे आत्ताच कुरकुरत होते.

तेवढ्यात वरून बाया उतरल्या. रांगेत, डोक्यावर भाताचे बोजे. पुढं चिमाबाई.

"आली का तुझी गिरणी?" ती म्हणाली. "बरं झालं आमी वाट न्हाई बघितली. पोरास्नी काय तुझी गाडी शिजवून घालू?"

भागू तिच्या पायांकडं बघत होता. बोज्याखाली तळवे असे रुतलेले की खडा हलत नव्हता. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"चिमे, गाडीत चढा. समद्या जणी. बोजे घिऊन."

"येडा झाला का रं? अडकल्या गाडीतनं माणसं उतरत्यात, चढत न्हाईत."

"चढ म्हन्तो ना! तुमच्या वजनाबिगर ती जाईची न्हाई."

बायांमध्ये हसू फुटलं. "आमच्या वजनानं? घरात कुनी पुसत न्हाई, हिला आमचं वजन पायजे!" एकमेकींना ढुंगणानं ढकलत त्या चढल्या. पाठ भरली, बूड खाली बसलं. रामनाथ मागं धोंड्यांपाशी. भागूनं पहिला गिअर टाकला आणि क्लच जीव मुठीत धरून सोडला.

गाडी खालच्या आवाजात घुमली. तोच आवाज. चाकांनी मुरूम धरला. मागं गिरणी कुरकुरली आणि धोंड्यांवरून सुटली. बायांनी एकमेकींना धरलं. डोंगर सरकायला लागला. त्यांच्या पायांखालून नाही, नुसताच, बाजूनं. ज्या वाटेवर त्यांनी आयुष्यभर वाकून खालची भुईच बघितली, तिथून त्यांनी पहिल्यांदा समोर बघितलं. धरणाचं पाणी केवढं लांब पसरलंय, हे कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

देवराईपाशी चढ संपला तेव्हा भागूनं मागं वळून पाहिलं. चिमाबाई पाठीत मांडी घालून बसली होती. बोजा डोक्यावर तसाच.

"आगं, खाली ठेव की त्यो!"

"वजन पायजे म्हन्लास ना? मंग?"

"खाली ठेवला तरी गाडीतच ऱ्हातोय, चिमे!"

चिमाबाईनं बोजा उतरवून मांडीवर घेतला आणि मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला, तिथं अजून काहीतरी असल्यासारखा.

त्या सुगीचं पहिलं भात तिच्याच बोज्यातलं भरडलं.