बाबांच्या दाखल्यावरचा ळ

बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म मीच भरला. इंग्रजीत नाव, हिंदीत नाव, वडिलांचं नाव, पत्ता. हात यंत्रासारखा चालला होता. बारा-तेरा दिवसांनी पालिकेचा मृत्यूचा दाखला आला, तो मी आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे यांचं आडनाव नाही."

आमच्या आडनावात ळ आहे. मी त्या जागी ल लिहिला होता.

माझा जन्म दिल्लीतला. शाळा हिंदी-इंग्रजीची, मैत्रिणी पंजाबी आणि बंगाली. मराठी फक्त घरात. लहानपणी मी होळीला होली म्हणायचे आणि केळ्याला केला. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, स्वभावाने गरीब, पण या एका अक्षरावर हटून बसायचे. जेवताना डाळीचं भांडं वर धरून म्हणायचे, "काय हवंय?" मी "दाल" म्हटलं की भांडं तसंच वर. सरकारी क्वार्टर बदललं की दारावर नवी पाटी यायची, रंगारी त्यावर ल काढून जायचा. मग बाबा रविवारी स्टुलावर उभे राहून ऑइलपेंटने त्याचा ळ करायचे. तो नेहमी वाकडा यायचा. आई खालून म्हणायची, "अहो, राहू द्या ना. पोस्टमनला कळतं तेवढं पुरे." त्यांनी कधी राहू दिलं नाही.

आणि आता तीच आई माझ्यासमोर दाखला धरून बसली होती.

मी म्हटलं, "आई, इंग्रजी स्पेलिंग बरोबर आहे. बँकेला तेच लागतं, फॅमिली पेन्शनलाही."

"ते बँकेला दे. मला हा नीट करून हवाय."

"अगं, त्यासाठी अर्ज, पुरावा, पुन्हा फी, पुन्हा चकरा…"

"मग? आपल्याला कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पालिकेच्या कार्यालयात गेलो. जन्म आणि मृत्यू, दोन्हींची खिडकी एकच. आमच्या पुढे एक तरुण बाप होता, हातात मिठाईचा डबा घेऊन आलेला. त्याने रांगेतल्या सगळ्यांना बर्फी दिली. आईलाही दिली. आईने ती खाल्ली आणि त्याला म्हणाली, "बेटी है? अच्छा. बहुत अच्छा."

खिडकीपलीकडे पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस होता. बोलण्यावरून हरियाणाचा. त्याने दाखला उलटसुलट करून बघितला.

"मैडम, गलती क्या है इसमें?"

मी खालच्या आवाजात सांगितलं की चूक माझीच आहे, ल च्या जागी दुसरं अक्षर हवं. तो म्हणाला, हिंदीत असंच लिहितात, यासाठी कशाला अर्ज करता, फुकट फी जाईल. मी हो म्हणायच्या बेतात होते. आईने पिशवीतून एक फाइल काढली आणि बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला खिडकीतून आत सरकवला. कडा झिजलेल्या, घडीवर चिकटपट्टी. त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात आमचं पूर्ण आडनाव. तिने ळ वर बोट ठेवलं आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "भैया, ये अक्षर. ल नहीं. ळ."

त्याने मान वर केली. "क्या बोल्या, ताई? फेर बोलियो."

"ळ."

तो हसायलाच लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून म्हणाला, "सुनो, यो तो म्हारा सै!" म्हणजे, हा तर आमचाच. आणि आईकडे वळून बोटांवर मोजत सांगू लागला, "काळा. पीळा. बाळक. दाळ. ताई, हम सारे गाम में यो ही बोल्लें. बस लिखणा कोनी आता." बोलतात सगळे, लिहिता तेवढं येत नाही.

आईचा चेहरा मी बघत होते. दिल्लीत पन्नास वर्षं काढलेली बाई, आणि तिला एका सरकारी खिडकीतून कोणीतरी अस्सल ळ लावून 'दाळ' म्हणत होतं. ती म्हणाली, "हां, दाळ! बिल्कुल!" शिवाय तो तिला ताई म्हणत होता. त्याच्या बोलीत ताई म्हणजे मोठी काकू, हे मला माहीत होतं. आईला ती मराठीतली ताई, थोरली बहीण वाटली. मी ते तसंच राहू दिलं.

त्याने अर्ज लिहून घेतला, फीची पावती फाडली. मी पाकीट काढलं तर आईने माझा हात बाजूला केला आणि आपल्या पर्समधून पैसे दिले. रक्कम अगदी किरकोळ होती, रिक्षाला त्याहून जास्त लागले होते. तरी तिने पावती दोनदा वाचून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

मग कॉम्प्युटरवर ते अक्षर सापडेना. त्याने चार बटणं दाबून पाहिली. शेजारच्या बाई उठून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ल का ही बटन है सर, शिफ्ट के साथ." पडद्यावर ळ उमटला तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला, स्वतःच शोधून काढल्यासारखा.

आठ दिवसांनी दाखला मिळाला. आईने तिथेच उभ्याने वाचला.

"ठीक सै, ताई?"

"एकदम ठीक," ती म्हणाली.

परत येताना ऑटोत ती बोलू लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याविषयी आपणहून बोलत होती.

"तुला सांगितलं नाही कधी. तुझ्या जन्माच्या दाखल्यावर वर्षभर नावच नव्हतं. नुसतं 'मुलगी'."

"का?"

"यांचं ठरेना. रोज एक नवं नाव. ऑफिसातून येताना कागदावर लिहून आणायचे, रात्री स्वतःच खोडायचे. मुदत संपली. शेवटी लेट फी भरून तुझं नाव लावलं."

मला पन्नाशीला दोनच वर्षं कमी. हे मला ठाऊकच नव्हतं.

"आणि बाकीची नावं कुठली होती?"

आई खुदकन हसली, पदर सावरून बसली आणि एकेक नाव सांगायला लागली. मुनिरकाच्या सिग्नलपर्यंत अकरा झाली होती, आणि तिला अजून आठवत होती.