नळ कुणाच्या नावावर

एकटी बाई घर घ्यायला निघाली की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. बजेट किती, आणि सोबत कोण आहे. पहिल्याचं उत्तर मी सरळ द्यायची. दुसऱ्याला, "मी आहे की, दिसत न्हाय का?" असं म्हणायची. तोंडाची फटकळ मी आधीपासूनच, त्यात अठरा वर्षं उमरग्याला हायवेवरच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. ट्रकवाल्यांना गोड बोलून इंजेक्शन देता येत नाही.

घर मला अण्णांसाठी हवं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून बेंबळीत गावच्या घरी एकटेच राहत होते. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी अंगणात पाय घसरून पडले आणि शेजारीण ताक द्यायला येईपर्यंत तिथंच उन्हात पडून राहिले. मनगट मोडलं. नशीब, खुबा वाचला. उमरगा सोडून मी त्याआधी तीनेक वर्षं धाराशिवच्या एका दवाखान्यात लागले होते, प्लास्टर तिथंच घातलं. पुण्याहून भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. त्याचं घर अकराव्या मजल्यावर. वीस दिवसांत अण्णा परत. खाली बघितलं की गरगरतं, म्हणाले, आणि वर बघितलं तर बोलायला माणूस न्हाय.

मग उरले मी. पण माझ्याकडं राहायला यायला अण्णांची एक अडचण होती आणि ती साधीसुधी नव्हती. ते माझ्या घरचं पाणी पीत नव्हते.

आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. लेक दिली की दिली, तिच्या घरात बापानं तोंड ओलं करायचं नाही. तिला मूल झालं की ही अट सुटते. मला मूल झालं नाही. लग्न जेमतेम तीन वर्षं टिकलं, मग मी सोलापूरचं ते घर सोडून उमरग्याला नोकरी धरली आणि पुन्हा मागं बघितलं नाही. त्यामुळं अण्णांच्या त्या अटीची मुदत कधी संपलीच नाही. माझ्या भाड्याच्या खोलीवर ते वर्षातून दोनदा यायचे ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत गावाकडचं पाणी भरून, फडक्यात भाकरी बांधून. माझ्यासमोर बसून स्वतःची भाकरी खायचे, स्वतःचं पाणी प्यायचे आणि पाचच्या एसटीनं परत जायचे. मला लई राग यायचा. मी पेशंटला पाणी पाजते, अनोळखी माणसाला पाजते, आणि सख्खा बाप माझ्याच दारात बाटली घेऊन येतो.

तरी मी घर शोधत राहिले. म्हटलं, आधी घर तर होऊ दे, पाण्याचं पुढं बघू.

धाराशिवात बायपासकडच्या नव्या बिल्डिंगी बघितल्या. लिफ्ट आहे, पण लाईट गेली की अण्णा सहाव्या मजल्यावर अडकणार. शेवटी तळ्याच्या काठची ती जुनी इमारत सापडली. आठ घरं, दोन मजले, लिफ्ट नाहीच. घर तळमजल्यावर. पायऱ्या तीन आणि त्याही बुटक्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल, बाथरूमच्या दाराला खालून कुजलेली फळी, फरशी शहाबादी. पण गॅलरीत उभं राहिलं की समोर तळं. काठाला बाकडी, संध्याकाळी तिथं म्हातारी माणसं राजकारणावर भांडत बसलेली. मी ती बाकडी बघितली आणि मनात घर घेऊन टाकलं.

बँकेच्या माणसानं इमारतीचं वय विचारलं, मग माझं विचारलं, आणि आम्हां दोघींकडं सारख्याच शंकेनं बघितलं.

विकणारे होते उर्दू शाळेतले निवृत्त सर. तीस वर्षं त्या घरात राहिलेले. बीवी गेल्यावर आता हैदराबादला लेकीकडं कायमचे निघाले होते. अण्णांना मी घर दाखवायला आणलं त्या दिवशी सरांनी चहा केला. अण्णांनी तो घेतला. परक्याचा चहा चालतो, लेकीचा चालत नाही, हे मी मुकाट्यानं बघितलं. नळ सोडून बघावा म्हणून अण्णांनी घरातल्या सगळ्या तोट्या फिरवल्या. एकीतूनही थेंब आला नाही. सर हसत म्हणाले की समोर तळं आहे म्हणून फसू नका, नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं, ते टाकीत भरून ठेवायचं.

मग अण्णांनी त्यांना, जरा चाचरतच, विचारलं की लेकीच्या घरी राहायला जीव कसा धजतो.

सर म्हणाले, "धजायचं काय त्यात? आजवर ती माझ्या घरात राहिली, आता मी तिच्या. बस्स."

अण्णांनी मोठ्या घोटानं चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

रजिस्ट्री झाली. खरेदीखतावरचं एकटीचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं, हे कबूल करते. निघायच्या आधी सरांनी मला बसवून सगळं समजावून सांगितलं. लाईटचं मीटर आणि नळ अजून त्यांच्या नावावर आहेत, ते तेवढे बदलून घ्यायचे. मी तेव्हा मान हलवली, पण ड्युटीच्या धबडग्यात जमेना. मीटरचा अर्ज कसाबसा दिला. नळाचा राहिला. अण्णा म्हणाले, नळाचं म्या बघतो, तू कशाला रजा घालवतीस. मला बरंच वाटलं. म्हातारा माणूस कशात तरी रमतोय, रमू दे.

महिन्याभरात ते बेंबळीहून दोनदा नगरपालिकेत आले आणि माझ्याकडं न येताच परत गेले. हे मला तिथल्या क्लार्ककडून कळलं. त्याची आई आमच्याकडं बीपी तपासायला येते. तुमचे वडील लई चिवट आहेत सिस्टर, म्हणाला, मालकाच्या बापाच्या नावावर नळ करायचा म्हणून हटून बसलेत. त्यानं त्यांना मालकिणीची ना हरकत आणायला सांगितलं होतं.

माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. नळ अण्णांच्या नावावर, पाणीपट्टी अण्णा भरणार, म्हणजे पाणी अण्णांचं. माझ्या घरात राहून स्वतःचं पाणी प्यायची सोय. आयुष्यभर बाटली आणली, आता पाइपलाइनच आणणार. एवढी अक्कल लढवायची, पण लेकीच्या हातचा पेला घ्यायचा नाही. दिवसभर मी कामावर धुसफुसत होते. एका बाईची शीर तीनदा चुकली.

रविवारी अण्णा आले. हातात पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीशेजारी तो कागद. नव्या घरात अजून सामान धड लागलं नव्हतं. खुर्ची एकच होती, तिच्यावर त्यांना बसवलं आणि मी खाली फरशीवर बसले. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. अर्जदार म्हणून त्यांचं नाव, घर नंबर माझा, आणि खाली घरमालकिणीच्या सहीची जागा रिकामी.

मी फाडफाड बोलले. म्हटलं, एवढंच बाकी होतं. माझं घर चालतं, माझं छप्पर चालतं, पडल्यावर माझा हात चालतो, पाणी तेवढं चालत न्हाय. बावीस वर्षं झाली अण्णा, मी कुणाच्या घरी दिलेली न्हाय आता. हे घर माझं आहे. यात सासरचं काय आहे, सांगा मला.

ते ऐकून घेत होते. प्लास्टर काढलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होते. मी दमले तेव्हा म्हणाले, "तू सासरहून बॅग घेऊन आलीस त्या दिवशी म्या तुला काय दिलं?"

मला उत्तर माहीत होतं.

"तांब्याभर पाणी दिलं," तेच म्हणाले. "ते पाजलं आन् तसंच स्टँडवर नेऊन सोलापूरच्या गाडीत बसवलं. तुझी आई चुलीम्होरं रडत व्हती. त्या दिवशी तुझं माहेर म्या मोडलं, माय. त्यानंतर तू बेंबळीत एक रात्र राहिली न्हाईस."

खरं होतं. आईच्या दहाव्यालाही मी संध्याकाळची गाडी धरली होती.

"आता हे घर तुझं हाय. लई चांगलं केलंस. पण समदंच तुझं असलं तर तुला बापाघरचं काय? भावाचं घर ते भावाचं. बेंबळीचं घर म्या हाय तवर. म्हणून म्हणलं, नळ तरी बापाचा असू दे. रोज सकाळी उठून पेशील ते माहेरचं पेशील."

मला वाटलं होतं हा माणूस स्वतःची सोय बघतोय. माझं रडू आवरेना. ड्युटीवर माणसं मेलेली बघितली तरी मी रडत नाही, पण त्या दिवशी फरशीवर बसून ढसाढसा रडले. अण्णा उठले नाहीत, जवळही आले नाहीत. त्यांना ते जमत नाही. फक्त पिशवीतून पेन काढून हातात धरून बसले.

मी डोळे पुसले आणि लिहिलं, 'सदर नळजोडणी माझ्या वडिलांच्या नावावर करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

अण्णांनी कागद लांब धरून वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. बाटली पिशवीत होती, तिला हात लावला नाही.

"घसा लई कोरडा पडलाय," म्हणाले. "घोटभर पाणी दे."

मी म्हटलं, "नळ अजून त्या सरांच्याच नावावर आहे, अण्णा. तुमचा व्हायला महिना लागंल."

"लागू दे," ते म्हणाले. "तू दे."

मी उठून टाकीतलं पाणी काढलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि आणखी एक मागितला.